पायऱ्यांचा सिनेमा आणि राणी रंगाचा घागरा

तो सिनेमा मी अकरा वेळा पाहिला, आणि त्यातल्या नायिकेचा चेहरा आज मला धड आठवत नाही. तिच्या घागऱ्याला कळ्या, म्हणजे वर निमुळते उभे पट्टे, किती होते ते मात्र झोपेतून उठवून विचारा. छत्तीस. प्रत्येक कळी नेफ्याशी दोन बोटं आणि खाली वीतभर. एवढं पाठ कोणाला असतं? एक तर ज्यानं तो शिवला त्याला, नाहीतर ज्यानं पडद्यावर बघून चोरला त्याला. मी दुसरा.

मी आदिलाबादकडच्या इचोड्याचा लेडीज टेलर. दुकान हैदराबाद-नागपूर रस्त्याला लागून. लादलेला ट्रक गेला की लाकडी फळीवरचा खडू आपोआप सरकायचा, त्यामुळे सरळ रेघ मारायची तर आधी रस्त्याकडे बघायचं, ही आमच्या दुकानाची शिस्त. बायकांची मापं माझी बायको कमल घ्यायची. ती पडद्याआडून आकडे ओरडायची आणि मी वहीत लिहायचो. गिऱ्हाईक सगळ्या जातीभाषांचं: बाजारहत्नूरच्या कुणबिणी, तेलुगू मास्तरणी, तांड्यावरच्या बंजारा बाया, ट्रकवाल्यांच्या धाब्यामागं राहणाऱ्या पंजाबी वहिन्या. ब्लाउज प्रत्येकीला तंग हवा आणि श्वासही घेता आला पाहिजे.

बाहेरच्या माणसाला वाटतं, शिंप्याचं काम म्हणजे कापायचं आणि जोडायचं. खरं काम आहे लपवायचं. देवानं एकही माणूस दोन्ही बाजूंनी सारखा केलेला नाही. कोणाचा एक खांदा उतरलेला, कोणाच्या पाठीला बाक, कोणाचं पोट बाळंतपणानंतर परत गेलेलंच नाही. आदिलाबादला ज्या चाँदमियाँ उस्तादांच्या हाताखाली मी शिकलो, ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "दर्जी की जबान सुई से छोटी होनी चाहिए." गिऱ्हाईकाचं व्यंग दिसलं तर तोंडानं बोलायचं नाही, कापडानं भरून काढायचं. उतरल्या खांद्यात आतून पट्टी घालायची, बाक असेल तर पाठीचा भाग अर्धा बोट वाढवायचा, आणि बाईनं आरशात पाहून "आज बरी दिसून राह्यली मी" म्हटलं की आपण फक्त मान हलवायची. एक मास्तरीणबाई दर वर्षी जाड व्हायच्या आणि मापाला दर वर्षी तेच लग्नातलं ब्लाउज आणायच्या. वीस वर्षं मी ते माप गंभीर चेहऱ्यानं घेतलं आणि वीस वर्षं कमलच्या नजरेच्या मापानं शिवलं. त्या सगळीकडे सांगत, "माझं माप बदललंच नाही." उस्तादांचा हा धडा मी धर्मासारखा पाळला. त्याच धड्यानं एकदा मला तोंडघशी पाडलं, ती गोष्ट सांगायची आहे.

ऐंशीच्या दशकाच्या मधल्या वर्षांत तो सिनेमा आमच्या गावाबाहेरच्या पत्र्याच्या टॉकीजला लागला. नावानं त्याला कोणी ओळखत नव्हतं, सगळे "पायऱ्यांचा सिनेमा" म्हणायचे. गोष्ट साधी. एका जागीरदाराच्या हवेलीत झुंबरं बसवायला परगावचा कारागीर येतो. जागीरदाराची मुलगी आणि तो, दोघांचा जीव एकमेकांवर जडतो. बाप तिचं लग्न दुसरीकडे ठरवतो. कारागिराला वाटतं ती राजी आहे. तिला वाटतं तो सोडून गेला. दोघांमधली एकुलती एक चिठ्ठी एका म्हाताऱ्या दाईच्या पदराला गाठ मारून बांधलेली, आणि ती दाई संपूर्ण सिनेमाभर रडते, पण गाठ काही सोडत नाही. लग्नाच्या दिवशी तो परत येतो, पहारेकरी त्याला वेशीशी भाला मारतात, आणि ती नवरीच्या लाल घागऱ्यात पांढऱ्या दगडाच्या बावन्न पायऱ्या धावत उतरते. शेवटच्या पायरीवर कोसळते. मग कॅमेरा वर, वर, वर जातो. खाली पांढऱ्यावर फक्त एक लाल गोल उरतो.

टॉकीजात त्या वेळी जी शांतता व्हायची, तशी मी कीर्तनातही ऐकलेली नाही. पत्र्यावरनं खार पळाली तरी आवाज यायचा. खेळ सुटल्यावर बायका रस्त्यावर यायच्या त्या वेगळ्याच चालीनं. कापसाच्या वेचणीनं कंबर धरलेल्या बाया, पण पाऊल असं टाकायच्या की पायाखाली संगमरवर आहे. एरवी बसमागे धावणाऱ्या, त्या दिवशी बस गेली तरी चालेल अशा. मी दुकानात बसून ते बघायचो आणि मलाही सगळा बाजार थोडा तरंगतोय असं वाटायचं.

त्या सिनेमाचं बळ तिथं होतं. त्याला घाई नव्हती. नायिका खिडकीत उभी राहिली की उभीच राहायची. वारा यायचा, पडदा तिच्या तोंडावरनं जायचा, परत यायचा, आणि तेवढ्यात तुम्हाला तुमच्या आयुष्यातलं कोणीतरी आठवून जायचं. आणि कापड! असं कापड मी हातात कधी धरलं नाही. झुंबराचा उजेड त्यावर पडायचा आणि पाण्यासारखा ओघळायचा. आमच्याकडे कापूस पिकतो हो, पण कापसाचं पुढं काय काय होऊ शकतं ते मला त्या पडद्यानं दाखवलं.

दोषही ढीगभर होते. लांबी इतकी की मध्यंतरात घरी जाऊन भाकर खाऊन आलं तरी नायक त्याच झुंबराला लटकलेला. हवेलीतली मोलकरीण भांडी घासायची तीही इस्त्रीच्या रेशमात. नायक कारागीर, पण त्याच्या हाताला साधा घट्टा नाही. आणि सगळ्यात मोठा दोष म्हणजे ती दाई. मी कमलला दर वेळी म्हणायचो, "एक वाक्य. एक वाक्य बोलली असती तर सगळे मध्यंतरालाच सुखानं घरी गेले असते. एवढी हवेली बांधली, आणि एका बाईला तोंड द्यायला विसरले!" कमल म्हणायची, "गप बसा, मले रडू द्या." मी हसायचो. त्या हसण्याची किंमत पुढं कळली.

सिनेमा लागल्यापासून आठवड्याभरात दुकानात घागऱ्याचं वेड आलं. एकीनं नऊवारीचा घागरा करून मागितला. एका धाबेवाल्यानं सहा महिन्यांच्या पोरीसाठी सांगितला, आणि तिला तो घातल्यावर पोर कुठे आणि कापड कुठे कळेना. याच गर्दीत बाजारहत्नूरचा गणपत आला. वांगी-टमाट्यांचा मळा, दर बाजारी इचोड्याला भाजी विकायचा. सोबत त्याची मुलगी इंदू. वीसेक वर्षांची, डोळे मोठे, बोलणं कमी. ती दुकानाची पायरी चढली तेव्हा मला दिसलं की डावा पाय दोन बोटं तोकडा आहे. लहानपणी बैलगाडीतून पडली होती आणि हाड वाकडं बसलं होतं.

"मास्तर, पोरीचं साक्षगंध हाये," गणपत म्हणाला. "नार्नूरकडचे पावने. पोरगा इथंच जिनिंगात कापूस तोलाच्या काट्यावर हाये. तिले तो सिनेमातला घागरा पायजे म्हन्ते. म्या म्हनलं, अवं, ती बाई मरते ना त्या घागऱ्यात! साक्षगंधाले मेलेल्या बाईचा कपडा?"

इंदूनं बापाकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहून हळू म्हणाली, "काका, ती पायऱ्या उतरते ना, तवा तिचे पाय दिसतच नाईत."

मग गणपतनं सगळं सांगितलं. चार घरं पोरीची चाल पाहून परतली होती. या वेळी मुलाकडचे फक्त पुरुष पाहायला आले, तेव्हा यांनी तिला आधीच सतरंजीवर बसवून ठेवलं होतं. चेहरा पाहिला, पोहे खाल्ले, पसंती कळवून गेले. पायाचं कोणी विचारलं नाही, यांनी सांगितलं नाही. आता साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, मुलाची आई राधाबाई आणि सगळ्या बाया येणार. घराच्या दारापासून मांडवातल्या पाटापर्यंत बावीस पावलं. ती बावीस पावलं इंदूला त्या सगळ्यांच्या देखत चालायची होती. उंच टाचेची चप्पल करून भागलं असतं, पण पाटावर जायचं ते अनवाणी.

"काका, बावीस पावलंच," इंदू म्हणाली. "तेवढी तिच्यावानी चालली ना, का झालं."

मी हो म्हटलं. रंग तेवढा बदलायचा ठरला, लालऐवजी राणी. गणपतचं समाधान झालं की मेलेल्या बाईचा कपडा नाही.

पहिला घागरा मी पडद्यावर दिसला तसा शिवला. छत्तीस कळ्या, दुहेरी अस्तर, खाली चार बोटं जरीचा गोट, वजन यावं म्हणून आत कॅनव्हास. फळीवर पसरला तेव्हा रस्त्यानं जाणारे थांबून बघत होते. मी मनातून उस्तादांना सलाम केला. इंदू तो घालून उभी राहिली तेव्हा खरंच जागीरदाराची मुलगी दिसली. मग तिनं पाऊल उचललं आणि दुसऱ्याच पावलाला दुकानाच्या ओट्यावर पडली. घागऱ्यानं तिला ओढलं होतं. कमलनं उचललं. इंदू रडली नाही. म्हणाली, "मंग ती कशी धावते?"

या प्रश्नाचं उत्तर दिलं सोनीबाईनं. नार्नूरच्या वाटेवरच्या तांड्याची ही बंजारा बाई, दर बाजारी माझ्याकडून उरलेल्या चिंध्या न्यायची आणि त्यांवर आरसे टाकून पिशव्या करायची. जन्मभर जड घागरा घालून डोक्यावर हंडे वाहिलेली. ओट्यावर बसून तिनं सगळा प्रकार पाहिला होता. म्हणाली, "मास्तर, म्या बी पाह्यला तुमचा शिनिमा. जड घागरा उडत नाय. तिचा उडते. तुमी कापडवाले होऊन एवढं बी पाह्यलं नाय?"

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा टॉकीजात. या वेळी पडद्यावरच्या बाईकडे न बघता फक्त घागऱ्याच्या कडेकडे पाहिलं. आणि हसूच आलं. जिन्याच्या वर उभी आहे तेव्हा गोट चार बोटं. धावते तेव्हा दोन बोटं. कोसळते तेव्हा परत चार! घागरे दोन होते. एक उभं राहायला, एक धावायला. हजारो लोक डोळे पुसत होते आणि त्यांच्या डोळ्यांदेखत बाई जिन्याच्या मध्यावर कपडे बदलत होती. एवढ्या खर्चाच्या सिनेमात एवढी ढोबळ चूक, पण मला ती चूक बघून त्या अनोळखी शिंप्याला मिठी मारावीशी वाटली. त्यालाही कोणीतरी सांगितलं असणार, "मास्तर, हिला धावता येत नाही."

दुसरा घागरा मी हलक्या कापडाचा केला. पण खरी कारागिरी खाली होती. इंदूचा भार डाव्या पायावर आला की कंबर त्या बाजूला दोन बोटं खाली यायची आणि घागऱ्याची कड जमिनीला घासायची. कमलनं एका काठीला खडू बांधला, इंदूला ओट्यावर चालायला लावलं आणि पावलागणिक खुणा केल्या. त्या खुणांवरून मी डावीकडच्या कळ्या क्रमाक्रमानं तोकड्या कापत नेल्या, आणि कड हेलकावे खाऊ नये म्हणून आत उरेब, म्हणजे तिरपी कापलेली, पट्टी घातली. घागरा खुंटीला टांगला की वाकडा दिसायचा, इंदूच्या अंगावर गेला की सरळ. असं काम मी आधी केलं नव्हतं, नंतरही नाही. पोलक्याचं माप घेताना कमलनं पडद्याआडून खांद्याचे दोन आकडे सांगितले होते, डाव्याचा वेगळा आणि उजव्याचा वेगळा. मी म्हटलं, "एकच सांग, ओढणी असते वरून." आणि एकच लिहिला.

साक्षगंधाला मला बोलावणं होतं. मी बायकांच्या मागं मांडवाच्या खांबाला टेकून उभा राहिलो. दुपार कलली होती, मळ्याच्या पाटात पाणी सोडलेलं, वांग्याच्या झाडांवर उन्हाची पिवळी झाक. इंदू दारात आली. मी पावलं मोजायला लागलो. एक. दोन. कड जमिनीपासून बोटभर, जशीच्या तशी. सात. आठ. तिनं मान किंचित वर केली, आणि मला शपथेवर सांगता येईल की त्या क्षणी त्या शेणानं सारवलेल्या अंगणात पांढऱ्या पायऱ्या होत्या. बाया बोलायच्या थांबल्या. एकवीस. बावीस. ती पाटावर बसली आणि राणी रंगाचा गोल तिच्याभोवती हळूच खाली आला. माझे डोळे भरून आले. सिनेमात अकरा वेळा जे झालं नाही ते तिथं झालं. गणपत माझ्याजवळ येऊन नुसता हात दाबून गेला.

चार दिवसांनी राधाबाई दुकानात आल्या. उंच, रोडक्या, पांढऱ्या केसांच्या. विधवा बाईनं एकटीनं शेत करून पोरगा वाढवला, हे त्यांच्या तळहाताकडे पाहूनच कळायचं. सोबत लग्नासाठीच्या ब्लाउजांची कापडं. कमलनं माप घेतलं. निघताना त्या पायरीवर थांबल्या.

"मास्तर, पोरीचा घागरा तुमीच शिवला ना?"

"हो."

"मोठा झ्याक शिवला." मग माझ्याकडे वळून, "पोरीचं माप तुमच्यापाशी हाये. मी परगावची बाई. कोनाले इचारू? तुमीच सांगा, पोरगी कशी हाये?"

रस्त्यावरनं एक ट्रक गेला. तो जाईपर्यंत मला वेळ मिळाला होता. पडद्याआडून कमल माझ्याकडे बघत होती ते मला न बघताच कळलं. माझ्या जिभेवर ते एक वाक्य आलंही होतं. पण त्या जिभेवर उस्तादांची सुई होती, गणपतचा दाबलेला हात होता, आणि खोटं कशाला बोलू, माझ्या कारागिरीचा गर्वही होता. मी म्हटलं, "पोरगी गुणाची हाये बाई. माप एकदम बरोबर."

राधाबाईंनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग "बरं" म्हणून गेल्या.

त्या दिवशी जेवायला वाढताना कमल एवढंच म्हणाली, "त्या दाईले लय हसत होते तुमी."

लग्नाला आठ दिवस असताना इंदू एकटीच आली. घागरा पिशवीत. तिनं तो फळीवर ठेवला आणि म्हणाली, "काका, खालून सरळ कापून द्या."

मला कळलं नाही. किंवा कळलं, पण कळून घ्यायचं नव्हतं.

"दोन्ही बाजू सारख्या करा," ती म्हणाली. "मले झोप येऊन नाई राह्यली. त्या दिवशी बावीस पावलं चालली. पन काका, लग्न झाल्यावर त्यायच्या घरी रोज किती पावलं चालावं लागन? रोज घागरा घालू का?"

"तुझ्या बापाला विचारलं?"

"बाबा नाईच म्हनन. राधाबाई आज ब्लाउज न्यायले येनार हायेत ना? मले कमलकाकूनं सांगतलं."

मी पडद्याकडे पाहिलं. कमल काजं करत होती, मान खाली.

कात्री हातात घेतली तेव्हा वाटलं, लग्न मोडलं तर गणपत जन्मात माझं तोंड बघणार नाही. त्याहून वाटलं, पोरीचं काय? पाचवं घर. मी म्हटलं, "इंदू, परत एकदा विचार कर." ती म्हणाली, "विचार करूनच आली." मग मी उरेब पट्टी उसवली आणि उजवीकडच्या कळ्या दोन बोटं कापल्या. माझं सगळ्यात चांगलं काम मी माझ्या हातानं सरळ केलं. कापलेली राणी रंगाची चिंधी बराच वेळ फळीवर पडून होती.

राधाबाई आल्या तेव्हा इंदू पडद्याआडून बाहेर आली. तोच घागरा घालून. मशीनपासून दारापर्यंत सात-आठ पावलं असतील. डावी कड खाली जायची, वर यायची, खाली जायची, वर यायची. इतकं स्वच्छ दिसत होतं की मला बघवेना. ती राधाबाईंसमोर उभी राहिली.

"माझा डावा पाय तोकडा हाये. लहानपनी पडली होती. बाबानं सांगतलं नाई, म्या बी नाई. साक्षगंधाले घागऱ्यात लपवला होता. आता तुमाले काय करायचं ते करा."

राधाबाई स्टुलावर बसल्या. पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाल्या, "मले त्याच दिवशी समजलं होतं."

कमल काजं टाकून पडद्याबाहेर आली.

"घागरा सरळ होता वं, पन पाऊलापाऊलाले तुहा खांदा खाली जाय. म्या बाई हावो, बाप्यामानूस नाई नुसता घेर पाहाले." मग जरा हसून म्हणाल्या, "घरी जाऊन पोराले सांगतलं. तो म्हन्ते, मले पयलेच माहीत हाये, भाजीबाजारात पाह्यली, लंगडते पन वजनात मारत नाई. तू काऊन नाई सांगतलं म्हनलं, त म्हन्ते, तू मोडशीन म्हून."

म्हणजे मुलाला माहीत, आईला माहीत, आम्हाला माहीत. सगळ्यांनी मिळून एकमेकांपासून जपलेली गोष्ट. तसं बघितलं तर त्या सिनेमातही सगळ्यांना सगळं माहीतच होतं.

राधाबाईंनी इंदूला जवळ ओढून पाठीवरनं हात फिरवला. "पायाचं काय हाये पोरी, वावरात सगळ्यायचेच पाय दुखते. पन खोटं वागनारं घर मले नोको होतं. म्या वाट पाहून राह्यली होती, का कोनी बोलते का. आज नसती बोलली त उद्या सुपारी वापस करनार होती." आणि मग माझ्याकडे वळल्या. आवाज चढवला नाही. "मास्तर, तुमाले त म्या सरळ इचारलं होतं."

मी ब्लाउजं उचलून त्यांच्यापुढं धरली. त्यांनी ब्लाउजं घेतली, घडी पाहिली, टाके पाहिले, "काम झ्याक हाये" म्हणाल्या आणि गेल्या. लग्न झालं. इंदूनं पिवळं पातळ नेसलं आणि सगळ्यांच्या देखत तिच्या चालीनं बोहल्यावर गेली. पण राधाबाईंनी त्यानंतर माझ्याकडे एक टाका टाकायला दिला नाही. इचोड्याला पोराकडे राहायला आल्या, माझ्या दुकानावरून रोज जायच्या आणि ब्लाउज शिवायला बसनं आदिलाबादला जायच्या.

नव्वदच्या दशकात तो सिनेमा एकदा टीव्हीवर लागला. चौदा इंचाच्या पडद्यावर हवेली काड्यापेटीएवढी, झुंबरं ठिपक्यांएवढी. मी आणि कमल बघत बसलो. दाई रडायला लागली आणि मला हसू आलं नाही. या वेळी मी नायिकेच्या खांद्यांकडे पाहिलं. जिन्याच्या वर, जड घागऱ्यात उभी असताना तिचे दोन्ही खांदे ताठ धरलेले, कानापर्यंत आलेले. त्या बिचारीला ते ओझं किती होत असणार. अकरा वेळा पाहून मला हे दिसलं नव्हतं. घेराखालचं सगळं मी पाहिलं, घेराच्या वरचं माणूस राहून गेलं. तो सिनेमा चांगला की वाईट, मला कोणी विचारलं तर मी म्हणेन, त्यात वारा चांगला आहे, उजेड चांगला आहे, आणि माणसं वेळेवर बोलत नाहीत. आपलंही बरंचसं तसंच.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी इंदू दुकानात आली. दोन मुलांची आई झालेली, थोडी भरलेली, चाल तीच. हातात एक ब्लाउजपीस. "सासूबाईचं हाये. त्यायले आता बस नाई झेपत. माप घ्यायले घरी बलावलं हाये. तुमाले दोघायलेबी."

आम्ही गेलो. राधाबाई खाटेवर बसल्या होत्या. माझ्याकडे पाहून मान हलवली. कमलनं टेप काढली. मी वही उघडली. पाठ, बाही, गळा. मग खांदा. कमलनं एक आकडा सांगितला आणि थांबली. माझ्याकडे पाहिलं. मग दुसरा आकडा सांगितला. वय झालं होतं, जन्मभर डोक्यावर, खांद्यावर ओझी वाहिलेली. उस्ताद असते तर म्हणाले असते, आत पट्टी घाल आणि गप्प बस.

मी म्हणालो, "राधाबाई, तुमचा उजवा खांदा बोटभर उतरला हाये. पट्टी भरून सरळ दाखवू, का हाये तसंच शिवू?"

त्यांनी आपल्या उजव्या खांद्यावर हात ठेवून पाहिला. दारात इंदू उभी होती.

"हाये तसंच शिवा," त्या म्हणाल्या. "अन् बसा, च्या घेऊन जा."

मी वहीत दोन्ही खांदे लिहिले.